कुकुडकुंभा अशुद्ध कसा? आणि भारद्वाज म्हणजे नक्की कोण?

धुऱ्यावरून (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राम राम मंडळी.

कारण लहान आहे, पण चार दिवस झाले डोक्यातून जात नाही. पोरगी सहावीत आहे. 'माझ्या परिसरातील पक्षी' असा निबंध लिहायचा होता. तिनं आमच्या वावरातला कुकुडकुंभा लिहिला. कोणाला विचारलं नाही, स्वतः पाहिलेलं लिहिलं. वही परत आली तर कुकुडकुंभा या शब्दाभोवती लाल गोल आणि समासात शेरा: 'अशुद्ध. भारद्वाज लिहा.' निबंधात तो शब्द सात वेळा आला होता. सातही ठिकाणी गोल.

पोरगी रडली नाही. पण संध्याकाळी नाल्याकडून तो घुमायला लागला तेव्हा मला म्हणाली, "बाबा, भारद्वाज बोलून रायला." शाळेत प्रतिज्ञा म्हणताना लागतो ना, तसा आवाज लागला होता तिचा. मला ते टोचलं.

मग रात्री आबांच्या वेळचा संस्कृत शब्दकोश काढला. म्हटलं, शुद्ध तर शुद्ध, निदान अर्थ तरी पाहू. भारद्वाज, पुल्लिंगी, एक पक्षी, चंडोल! आता चंडोल मला चांगला माहीत आहे. मातकट, चिमणीपेक्षा जरासा मोठा, गात गात सरळ आभाळात चढतो. आणि आमचा कुकुडकुंभा कावळ्याएवढा. शेपटी धरली तर कावळ्याहून लांब. अंग काळंभोर, त्यावर निळसर झाक, पंख विटकरी, डोळा गुंजेसारखा लाल. उडायचा त्याला भारी कंटाळा. या झुडपातून त्या झुडपात जाईल, तेही शेपटी ओढत. बाकी वेळ पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासातून पायी फिरतो, एखाद्या म्हाताऱ्यासारखा, थांबत थांबत.

तर माझे प्रश्न असे. भारद्वाज नेमका कोण? चंडोलाचं नाव याला कसं लागलं? तुमच्या गावात याला काय म्हणतात? आणि कुकुडकुंभा हा शब्द खरंच अशुद्ध आहे का? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. जाणकारांनी सांगावं.

---

पांदणवाट (आर्वी, वर्धा)

भाऊ, तुमच्या पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी पण कुकुडकुंभाच म्हणत मोठी झाले. लग्न होऊन इकडे आले तर सासूबाई कुंभारकावळा म्हणायच्या. मी विचारलं, हे नाव कशावरून? तर त्यांनी हात धरून परसात नेलं आणि बोरीच्या शेंड्यावर बसलेला दाखवला. रात्री पाऊस झालेला. तो दोन्ही पंख पसरून, पाठ उन्हाला देऊन बसला होता. त्या म्हणाल्या, "पाय, पंखाचा रंग. आव्यातून आत्ता काढलेल्या मडक्याचा हाय का नाही? आन् अंगाले आव्याची काजळी लागली." तेव्हापासून मला तो दिसला की भाजलेल्या मातीचा वासच येतो.

सकाळी सकाळी ऊन खात बसण्याची त्याला सवय आहे, बरेचदा जोडीनं. पावसाळ्यात तर हमखास. मला वाटतं, 'सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो' असं जे म्हणतात ते यातूनच आलं असेल. एरवी दिवसभर हा पठ्ठ्या झुडपात दडलेला. उघड्यावर निवांत बसलेला दिसायची वेळ ती तेवढीच.

आमच्या घरात बोलण्यातही तो आहे. रात्रभर जागून ओलीत केलेला माणूस सकाळी घरी आला की म्हणायचं, "डोळे पहा कसे कुकुडकुंभ्यावानी झाले." आता इथे भारद्वाज घालून पहा बरं. बसत नाही.

---

झाडीतला (साकोली, भंडारा)

आमच्याकडे पण कुकुडकुंभाच. कोनी कुकुडकोंबा म्हनते. बांबूच्या बेटात घरटं करते, गोल, चेंडूवानी, बाजूनं भोक. लहानपनी हात घातला होता, आजीनं लय मारलं. पुस्तकातलं नाव मले मॅट्रिकमधे समजलं.

---

अभ्यासिका (अकोला)

वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. प्रश्नपत्रिकेत भारद्वाज येतो. गावातल्या दहा नावांपैकी एकही येत नाही. आमच्या एका जिल्ह्यात एका पक्ष्याला तीन नावं, शेजारच्या जिल्ह्यात आणखी दोन. सगळ्यांना कळेल असं एक नाव नको का? शिक्षकांनी लाल गोल केला ते पोरीच्या भल्यासाठीच केलं असेल. मी स्वतः गावाकडचे शब्द पेपरात लिहून गुण गमावले आहेत. ते दुःख मला माहीत आहे, म्हणून सांगतो. बोलीचं प्रेम घरी ठेवावं, वहीत प्रमाण शब्द लिहावा.

---

धुऱ्यावरून

राग कशाचा भाऊ. गुण गेल्याचं दुःख मलाही कळतं. 'भारद्वाज असंही म्हणतात' एवढं लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता, उलट तिला म्हटलं असतं की एक शब्द आणखी शिकलीस. 'अशुद्ध' लिहिलं, ते लागलं. चुकीचा शब्द आणि दुसरीकडचा शब्द यात फरक आहे.

---

निवृत्त मास्तर (अमरावती)

तीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवलं, त्या हक्कानं जरा लांब लिहितो.

आधी भारद्वाज. मूळ शब्द भरद्वाज, पहिलं अक्षर ऱ्हस्व. भरत् म्हणजे धारण करणारा, वाज म्हणजे बळ, वेग, अन्नही. बळ वाहून नेणारा तो भरद्वाज. ऋग्वेदाचं सहावं मंडल ज्यांच्या कुळाच्या नावानं ओळखतात ते ऋषी हेच. त्यांच्या वंशातला तो भारद्वाज, म्हणून गोत्राचं नाव भारद्वाज. पक्ष्यालाही ही दोन्ही रूपं आहेत.

अमरकोश हा संस्कृतातला जुना शब्दकोश, त्यात सिंहादिवर्ग नावाच्या भागात पक्ष्यांची नावं आहेत. तिथे येतं: 'व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः'. म्हणजे भरद्वाजाचं दुसरं नाव व्याघ्राट. पुढच्या कोशकारांनी या दोन्हींचा अर्थ चंडोल असा दिला. तुमच्या आबांच्या कोशातला अर्थ तिथूनच आला आहे. त्यात चूक काही नाही.

पण व्याघ्राट हा शब्द नीट पहा. व्याघ्र म्हणजे वाघ, अट् म्हणजे हिंडणं. वाघासारखा हिंडणारा. चंडोल आभाळात गातो, त्याला वाघ कोण म्हणेल? उलट झुडपाखालून दबकत चालणारा, मध्येच थांबून कानोसा घेणारा, सरडा दिसला की झडप घालणारा, लाल डोळ्यांचा असा पक्षी आपल्याला माहीत आहे. मी ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात सहा वर्षं नोकरी केली. तिथे संध्याकाळी पांदणीनं येताना पाचोळ्यात सळसळ व्हायची, पाय जागीच थिजायचे आणि झुडपातून हे साहेब बाहेर यायचे. त्यामुळे माझं मत असं की या नावाखाली एकापेक्षा जास्त पक्षी पहिल्यापासूनच वावरत असावेत. हे माझं मत आहे, कोशाचं नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, कुकुडकुंभा. कोंबड्याला संस्कृतात कुक्कुट. प्राकृतात त्याचं झालं कुक्कुड. त्यातला क हलका झाला की कुकुड. गुजरातीत आजही कोंबड्याला कूकडो म्हणतात. मराठीत रोजच्या वापरातून तो शब्द गेला, कोंबडा राहिला. पण या पक्ष्याच्या नावात तो शाबूत बसला आहे, जसं जुन्या वाड्यातलं एखादं कोरीव दार कोणी गोठ्याला लावावं. आणि पुढचा कुंभा हा कोंबा असावा. साकोलीच्या भाऊंनी वर लिहिलंच आहे, कुकुडकोंबा. गोव्यात कोंकणीत याला कुकूडकोंबो म्हणतात. संस्कृतात आणखी एक शब्द आहे, कुक्कुभ. कोशात अर्थ दिला आहे रानकोंबडा. कुकुडकुंभ्यातल्या भ चं मूळ तिथेही असू शकेल.

म्हणजे ज्याला अशुद्ध म्हटलं तो शब्द सरळ प्राकृताच्या घरचा. भारद्वाज हा तत्सम शब्द, पोथीतून जसाच्या तसा उचललेला. कुकुडकुंभा हा तद्भव, तोंडातोंडातून झिजत आलेला. तत्सम शुद्ध आणि तद्भव अशुद्ध असं म्हटलं तर आपल्याला हात, पाय, कान, दूध, आग, सगळंच वहीत खोडावं लागेल.

एक गोष्ट राहिली. तुम्ही कापसाच्या मुलखातले, म्हणून सांगतो. अमरकोशातच, वनौषधिवर्गात, कापसाची नावं दिल्यावर लगेच म्हटलंय: 'भारद्वाजी तु सा वन्या'. रानात आपोआप उगवणारी जी कपाशी, ती भारद्वाजी.

---

धुऱ्यावरून

मास्तर, शेवटचं वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. रानकपाशी म्हणजे भारद्वाजी! आणि आमचा भारद्वाज पऱ्हाटीतच फिरतो. यांचा एकमेकांशी संबंध नसेलही, पण मी आता धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) उभा राहिलो की हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसणार.

पोरीला प्राकृताचं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे आपला शब्द म्हातारा हाय?" मी म्हटलं, हो, लय.

---

पांदणवाट

मास्तर, कोंबा तर कोंबा, पण सासूबाईंचा आव्यातला रंग मी सोडणार नाही. कुंभारकावळा हे नाव ज्यानं दिलं त्यानं रंग पाहूनच दिलं असेल.

---

निवृत्त मास्तर

सोडू नका. कोंबा कानाला कुंभ असा ऐकू आला, कुंभावरून कुंभार आठवला, आणि पक्ष्याचा रंगही मातीचा निघाला, म्हणून नाव पक्कं झालं. लोक शब्दाला असा आधार शोधतात आणि तो आधारही मग खराच होतो. सासूबाईंनी बोट दाखवून अर्थ सांगितला, त्या दिवसापासून तुमच्यासाठी तोच अर्थ.

---

प्राणहिता (सिरोंचा, गडचिरोली)

आमच्या घरी तेलुगू आणि मराठी दोन्ही चालतं. आई याला जेमुडुकाकी म्हणते. काकी म्हणजे कावळा. जेमुडु म्हणजे निवडुंग, शेर यांच्यासारखी चिकाची झाडं, जी आपण कुंपणाला लावतो. म्हणजे कुंपणातला कावळा. घर पाहून दिलेलं नाव.

मी काही वर्षं दक्षिणेत कामाला होतो, तिथे मिळेल त्याला हेच विचारायचो. कन्नडमध्ये केंबूत, त्यातला केम् म्हणजे तांबडा. मल्याळममध्ये चेंबोत्त, त्यातही तोच तांबडा. आणि केरळात दुसरं नाव उप्पन. ते तर त्याचा आवाजच आहे. उप्प, उप्प, उप्प. हिंदीवाले महोख म्हणतात, आमच्याकडे छत्तीसगडचे मजूर येतात, त्यांच्या तोंडून ऐकलं.

कोणी रंग धरला, कोणी आवाज, कोणी घर. भारद्वाज हे एकच नाव असं आहे की ज्यात पक्षी दिसत नाही.

---

अभ्यासिका

हे शेवटचं वाक्य पटलं नाही. नावात पक्षी दिसलाच पाहिजे असं कुठे आहे? भारद्वाज म्हटलं की आज लाखो मराठी माणसांच्या डोळ्यांसमोर हाच पक्षी येतो. वापरानं शब्दाला अर्थ येतो. मूळ अर्थ चंडोल होता म्हणून आज कोणी चंडोलाला भारद्वाज म्हणणार नाही.

पण मास्तरांनी तद्भवाचं सांगितलं त्यावर मी कालपासून विचार करतोय. अशुद्ध हा शब्द त्या शेऱ्यात नको होता, हे मान्य करतो.

---

रानवाटाड्या (ब्रह्मपुरी, चंद्रपूर)

मी पक्षी पाहतो, पंधरा वर्षं नोंदी ठेवतो. उशिरा आलो, पण या धाग्यात एक दुवा राहून गेलाय, तो देतो.

आधी पक्षी कोण ते पक्कं करू. शास्त्रीय नाव सेंट्रोपस सायनेन्सिस. लांबी साधारण ४८ सेंटीमीटर, त्यात शेपटीचा वाटा मोठा. १८१५ मध्ये चीनमधल्या नमुन्यावरून वर्णन झालं म्हणून सायनेन्सिस, चीनचा. गावकऱ्यांनी कोंबडा म्हटलं, कावळा म्हटलं, पण हा आहे कोकिळेच्या कुळातला. पावशा, चातक, कोकीळ हे याचे भाऊबंद. ते आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात टाकून मोकळे होतात. हा मात्र स्वतः घरटं बांधतो, नर मादी दोघं राबतात. साकोलीच्या भाऊंनी सांगितलेलं गोल घरटं बरोबर आहे.

कोंबडा आणि कावळा यांची सांगड फक्त आपल्या लोकांनी घातली असंही नाही. इंग्रज इथे आले, त्यांनीही नाव काय दिलं, तर क्रो-फेझंट. क्रो म्हणजे कावळा, फेझंट हा रानकोंबड्याचा नातलग. त्यांनी आपल्याकडून घेतलं असेल नाहीतर त्यांनाही तेच दिसलं असेल.

आता मुद्दा. याचं आजचं इंग्रजी नाव ग्रेटर कूकल. कूकल हा शब्द फ्रेंच. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी फ्रांस्वा ल व्हेयाँ नावाचा निसर्ग अभ्यासक आफ्रिकेत फिरला, तिथे याच घराण्यातले पक्षी त्याला भेटले. त्यांना त्यानं कूकल म्हटलं. कोशकार सांगतात की हा जोडशब्द असावा: कुकू म्हणजे कोकीळ, आणि आलुएत म्हणजे चंडोल.

चंडोल! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आपल्या कोशात भारद्वाज म्हणजे चंडोल, आणि तिकडे फ्रेंच माणसानं ज्याला आज आपण भारद्वाज म्हणतो त्याच्या जातभाईंच्या नावात चंडोल घातला. दोघांची कधी गाठ पडणं शक्य नाही.

कारण पायात आहे. चंडोलाच्या मागच्या बोटाची नखी फार लांब असते, जवळजवळ सरळ. जमिनीवर, ढेकळांवर चालणाऱ्याला उपयोगी. अगदी तशीच लांब सरळ नखी भारद्वाजाच्या मागच्या बोटाला. सेंट्रोपस या नावातही तेच आहे. ग्रीकमध्ये केन्ट्रॉन म्हणजे काटा, अणकुची, आणि पूस म्हणजे पाय. काटेपायी. १८११ मध्ये हे नाव रूढ झालं. जुने इंग्रज तर या घराण्याला चंडोलाच्या टाचेचे कोकीळ असंच म्हणायचे, लार्क-हील्ड कुकू.

आता आपल्याकडे भरद्वाज हे नाव चंडोलावरून इकडे सरकलं ते या नखीमुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण पारधी, फासेपारधी, गुराखी, ज्यांनी हे दोन्ही पक्षी हातात धरून पाहिले असतील, त्यांना ही नखी दिसली नसेल असं मी मानायला तयार नाही.

---

निवृत्त मास्तर

रानवाटाड्या, सत्तरी उलटल्यावर नवं काही हाती लागलं की जो आनंद होतो तो आज तुम्ही दिलात. व्याघ्राटावर मी एवढा अडून बसलो, आणि उत्तर त्याच्या टाचेत असू शकतं हे मनातही आलं नव्हतं. तुम्ही सावध राहिलात तेही आवडलं. शब्दांच्या बाबतीत दोन टोकं जुळली म्हणजे मधला दोरा सापडला असं होत नाही. तरी दोन टोकं सापडली, हे काय थोडं आहे?

---

झाडीतला

नखी खरी हाय. मेलेला पाहिला होता रोडवर, गाडीखाली आलेला. मागचं नख दाभनावानी.

---

पांदणवाट

नावाचा विषय चाललाय तर एक दुखरी गोष्ट लिहिते. नावाबरोबर मानही येतो आणि मानाबरोबर माणसांची हावही येते.

आमच्या लहानपणी म्हातारे सांगायचे की भारद्वाजाला संजीवनी माहीत असते. पिल्लाच्या पायाला लोखंडी तार बांधली तर तो रानातून मुळी आणून ती तार तोडतो, आणि मग ती मुळी घरट्यात सापडते. ही गोष्ट सांगताना मात्र कोणी कुकुडकुंभा म्हणत नसे. तिथे भारद्वाज म्हणायचे, आवाज खाली आणून. मी दहा वर्षांची असेन. गावातल्या दोघातिघांनी नाल्याकाठच्या बोराटीतल्या घरट्यात खरंच तार बांधली. मोठी दोघं दिवसभर झुडपाभोवती फिरत होती, तोंडात टोळ, गोगलगायी घेऊन. चारत राहिली, पिल्लू वाढत राहिलं, आणि तार तशीच राहिली. आठ-दहा दिवसांनी पाय सुजून काळा पडला. मी आणि माझा भाऊ चोरून जाऊन पक्कडीनं तार तोडायला गेलो तोवर ते पिल्लू गेलं होतं. मुळी वगैरे काही नव्हतं. घरट्यात गवत होतं आणि बांबूची पानं.

अजूनही कुठे कुठे हे सांगितलं जातं. कोणी सांगत असेल तर कृपा करून थांबवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असं करणं गुन्हाही आहे, पण कायद्याआधी ते पिल्लू डोळ्यांसमोर आणा.

---

प्राणहिता

ताई, केरळातही उप्पनाबद्दल अशीच जादूच्या मुळीची गोष्ट ऐकली होती मी. मला तेव्हा गंमत वाटली होती. आज वाटत नाही.

---

रानवाटाड्या

ताईंनी लिहिलं ते मी आमच्या शाळांमधल्या कार्यक्रमात सांगेन, तुमची परवानगी असेल तर, गावाचं नाव न घेता.

आणि एक. याला खरा धोका आता तारेपेक्षा आपल्या धुऱ्यांचा आहे. पूर्वी दोन वावरांमध्ये बोराटी, घाणेरी, निवडुंग यांची दाट कुपाटी असायची. आता जेसीबीनं धुरे साफ करून तारेचं कुंपण येतं, नाहीतर तणनाशक मारतात. झुडपातल्या पक्ष्याला झुडूप नसलं की तो जाणार कुठे? हा गोगलगायी खातो, टोळ खातो, उंदराची पिल्लं खातो, सापही सोडत नाही. सोयाबीनवर गोगलगायी आल्या की आपण औषधांच्या दुकानात जातो. धुऱ्यावर दोन झुडपं ठेवली तर हा फुकट राबेल.

---

पांदणवाट

परवानगी आहे. जरूर सांगा.

---

अभ्यासिका

इतका वेळ वाद घातला, आता माझ्याकडूनही एक माहिती. काल गावी गेलो होतो, बुलडाण्याकडे, मामाच्या घरी. मामीला विचारलं, याला काय म्हणता? ती म्हणाली, सोनकावळा. मी लहानपणी हाच शब्द वापरायचो. अकोल्याला आल्यावर कधी सुटला ते मला आठवत नाही. विसरलो होतो हेही मामी बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

पेपरात मी भारद्वाजच लिहिणार. पण माझ्या वहीत आता त्याच्यापुढे सोनकावळा लिहून ठेवला आहे.

---

धुऱ्यावरून

मंडळी, धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं मिळेल. सगळ्यांचे आभार मानतो.

शाळेत जाऊन आलो. भांडायला नव्हतो गेलो. मास्तरांनी कुक्कुट, कुक्कुड, कुकुडचं जे लिहिलं होतं ते एका कागदावर उतरवून नेलं. बाईंनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या, मला हे माहीत नव्हतं, मी मूळची दुसऱ्या भागातली, मला शब्द लिहिण्यातल्या चुकीसारखा वाटला. मग स्वतःच वही मागवली आणि 'अशुद्ध'वर एक रेघ मारून खाली लिहिलं, 'स्थानिक नाव. प्रमाण नाव भारद्वाज.' मला ते पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट कालची. हस्ताचा पाऊस दोन दिवस धरून होता, काल उघडला. रानवाटाड्यांची पोस्ट मी पोरीला वाचून दाखवली होती, तेव्हापासून तिचं एकच, मला ते नख पाहायचं आहे. पाखरू काही हातात येत नाही. सकाळी दोघं वावरात गेलो. नाल्याच्या बाजूनं धुरा वाहून गेला होता, तिथे काळ्या मातीचा गाळ बसलेला, लोण्यासारखा. त्यावर पाऊल उमटलं होतं.

दोन बोटं पुढे, दोन मागे. कोंबडीसारखी तीन पुढे नाहीत. आणि मागच्या दोनपैकी आतल्या बोटाच्या शेवटी बारीक, सरळ रेघ, सुईनं ओढावी तशी. पावलामागून पाऊल, प्रत्येकामागे ती रेघ. मध्ये एके ठिकाणी शेपटी टेकल्याचा पट्टा. मग पाऊलं पऱ्हाटीच्या दुसऱ्या तासात शिरली आणि बोंडांच्या खाली दिसेनाशी झाली.

पोरगी उकिडवी बसून बराच वेळ पाहत होती. तिनं तुरीची काडी तोडून त्या रेघेच्या मापाची केली आणि कंपासपेटीत ठेवली. नाल्यापलीकडे तो घुमायला लागला, खालच्या आवाजात, ऊप, ऊप, ऊप, आणि थोड्या वेळानं दुसरीकडून दुसरा. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "बाबा, कुकुडकुंभा. दोघं हायेत."

रानवाटाड्या, चंडोलाचं पाऊल कुठे आणि कधी पाहायला मिळेल ते सांगा. तिला दुसरी काडी हवी आहे.

---

रानवाटाड्या

पडीक रान शोधा, गवत खुरटं असलेलं, मुरमाड. पाऊस उघडल्यावर बैलगाडीच्या चाकोरीत बारीक गाळ बसतो, तिथे पहा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी. डोंबारी (चंडोलाच्याच कुळातला छोटा पक्षी) आणि चंडोल दोन्ही उतरतात. पाऊल अगदी लहान असेल, तीन बोटं पुढे, एक मागे. रेघ मागच्या बोटाला. भिंग न्या. आणि दोन्ही काड्या शेजारी ठेवून फोटो इथे टाका, मास्तरांनाही पाहायचा असेल.

---

निवृत्त मास्तर

हो. मी वाट पाहतो आहे.